साखळीआडचा हात

४ नोव्हेंबर १९७४, माळेवाडी

आले बाई एकदाची. मिरजेहून निघालेल्या एसटीनं इस्लामपुरात सोडलं आणि तिथून उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून माझी वरात माळेवाडीत पोचली. मांडीवर बर्फाची पेटी, पायाशी काचेच्या नळ्यांचं खोकं आणि शेजारी हातानं फिरवायचं ते रक्त वेगळं करण्याचं यंत्र. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, बाई, ताक करायचं यंत्र का? मी म्हटलं हो, माणसांच्या रक्ताचं. मग त्यानं जो ट्रॅक्टर दामटला तो थेट गावात थांबवला.

लालासाहेब पाटलांनी रस्त्याकडची खोली दिली आहे. बंगला नवा कोरा, वर स्लॅब, खाली फरशी, सोप्यात रेडिओ. तिन्ही बाजूंनी ऊस उभा आहे, वारा आला की घरभर सळसळ ऐकू येते. मागच्या अंगणात विहीर आणि जुन्या घराची राहिलेली एक खोली. लालासाहेबांच्या मंडळी राहीबाई जाडजूड, मायाळू आणि नजरेनं भलत्याच तिखट आहेत. मी चप्पल काढतेय तोवर म्हणाल्या, "एकली बाई, त्यात दोन जिवाची. जेवून घे आधी." मला तिसरा आहे हे मिरजेत डॉक्टरबाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि इथं उंबऱ्यातच पितळ उघडं पडलं. गरम भाकरी, वांगं आणि दाण्याची चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या, लाज वाटली नाही.

माझा नवरा कृष्णात तेजपूरला, पलटणीत. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. अण्णा साताऱ्यात दादाच्या दोन खोल्यांत राहतात, तिथं मी कुठं मावणार? म्हणून डॉ. घारपुरेबाईंनी या कामाचं विचारलं तेव्हा लगेच हो म्हटलं. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणानंतर गप्प गप्प झाली, मूल जवळ घेईना, आणि एक दिवस ती राहिलीच नाही. घरचे म्हणाले, मनानं कच्ची होती. बाईंचं म्हणणं, मन राहू दे, तिचं रक्त कुणी पाहिलं होतं का? अशा बाया पोट दिसायच्या आधीच रक्तावरून ओळखता येतील, मग त्यांना जपता येईल, हा त्यांचा ध्यास आहे. माझं काम सोपं आहे. गावातल्या गरवार बायांचं दरमहा रक्त घ्यायचं, नळीवर नाव घालायचं, मिरजेला धाडायचं. तुलनेला मी माझीही एक नळी घालते. फुकटचं रक्त घरातच असताना बाहेर कशाला शोधायचं?

९ नोव्हेंबर

गावात माझं नाव 'नसबंदीवाली' पडलं आहे. मला पाहून बाया परड्यातून पसार होतात. शेवटी हरणाबाई सुईण मदतीला आली. ती मूळची जतकडची, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. निम्मं माळेवाडी तिच्या हातांत जन्मलं आहे. ती दारात बसली की बाया मुकाट हात पुढं करतात. माझ्या कामावर मात्र तिचा काडीचा विश्वास नाही. रक्त बघून मन कसं कळतं, असं तिनं विचारलं. मी तिला संप्रेरकांवर व्याख्यान दिलं. गरवारपणी अंगातली काही द्रव्यं डोंगराएवढी चढतात, बाळंत झाल्यावर धाडकन कोसळतात, आणि कुणाकुणाला तो कडेलोट सोसत नाही, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यापरीस तिलाच इचार की, कशी हायस म्हणून." मी हसले.

यादीत पहिलं नाव लालासाहेबांच्या सूनबाईंचं, लीलावहिनींचं. तसा शब्दच त्यांनी डॉक्टरबाईंना दिला होता. पण वहिनी परक्या माणसासमोर येत नाहीत. पहिलटकरीण, दृष्ट लागते, असं राहीबाईंचं म्हणणं. तोडगा असा निघाला की वहिनी मागच्या खोलीतून नुसता हात बाहेर काढतील, आणि मी बोलायचं नाही.

त्या खोलीच्या दाराला बाहेरून साखळी आहे. ती अडकवली की दार जेमतेम हात बाहेर येण्याएवढं उघडतं. आत अंधार. मी पाटावर बसले, आणि फटीतून डावा हात बाहेर आला. हिरव्या बांगड्या, त्यांत एकच पिवळी. मनगटावर चंद्रकोरीसारखा ताजा चटका, वर हळद फासलेली. स्वयंपाकघरात भाजलं असणार. आत खरखर ऐकू येत होती, उंदीर कागद कुरतडत असावा. आणि एक मांजराचं पिल्लू रडत होतं. बोलायचं नाही हे विसरून मी म्हटलं, मूठ आवळा वहिनी. मूठ आवळली. रक्त घेऊन मी सुई काढली तर त्या हातानं माझी बोटं धरली, आणि सोडेना. चांगली घट्ट धरली होती. सुईची एवढी भीती? मी हसत हसत एकेक बोट सोडवलं आणि उठले, पेटीतला बर्फ वितळत होता.

१५ नोव्हेंबर

दिवाळी मजेत गेली. राहीबाईंनी मला लेकीसारखं न्हाऊ घातलं. कृष्णातचं पत्र आलं, मुलगी झाली तर नाव त्याची बहीण ठेवणार, मुलगा झाला तर तो स्वतः. मी म्हटलं, माझ्या वाट्याला काय, नळ्या?

गंमत म्हणजे लीलावहिनींचा रक्तगट एबी निगेटिव्ह निघाला. माझाही तोच. हा गट शोधून सापडत नाही, आणि इथं एका छपराखाली दोघी. मला त्यांना हे दारातून का होईना सांगायचं होतं, पण राहीबाईंनी तिकडं फिरकू दिलं नाही. एवढं काय लपवायचं आहे यांना, देव जाणे.

१० डिसेंबर

बाळ हललं. अगदी हलकं, पाण्यात मासा वळावा तसं. ट्रॅक्टरच्या रस्त्यावर एकटीच उभी राहून हसले.

आज वहिनींचं दुसरं रक्त. तोच पाट, तीच साखळी. हात आधीच बाहेर होता, माझी वाट पाहत असल्यासारखा. चटका वाळून काळा पडला होता. हात फार गार लागला. मूठ आवळा म्हटलं, आवळली नाही. शीर सापडेना, मनगटाची नाडीही नीट लागेना. कसंबसं थोडं रक्त आलं, तेही काळपट. या वेळी बोटं धरली नाहीत. आत कसलाच आवाज नव्हता, ना उंदीर, ना पिल्लू. मनात आलं, विचारावं, वहिनी, बऱ्या आहात ना. पण इस्लामपूरची गाडी निघायची वेळ झाली होती आणि नळी त्याच गाडीनं जायला हवी होती. पुढच्या वेळी विचारेन.

८ जानेवारी १९७५

आजचं सगळं नीट लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

दुपारी डॉक्टरबाई जीप घेऊन स्वतःच आल्या. पाणीही न घेता म्हणाल्या, लीलाबाई कुठं आहे? तिच्या नळ्यांतलं रक्त गरवार बाईचं नाही. ते बाळंत झालेल्या बाईचं आहे. ज्या खुणा आम्ही शोधतोय त्या सगळ्या त्यात आहेत, इतक्या स्पष्ट त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. दुसरी नळी तर त्याहून वाईट. तिला आजच मिरजेला न्यायचं.

आम्ही दोघी मागं गेलो. साखळी बाहेरून लावलेली. मी काढली, दार ढकललं. खोलीत शेंगांची पोती, भिंतीला उभी केलेली बाज, कोपऱ्यात एक जुनी शेगडी. जमिनीवर धूळ होती आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

राहीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. लीला इथं नाहीच. दसऱ्यालाच तिला गुपचूप माहेरी, कोरेगावला धाडलं आहे. मालकांनी शब्द देऊन ठेवलेला, तो मोडवेना. पण पोटुशा सुनेचं रक्त काढू द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. रक्तासोबत लेकराचं बळ जातं, असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांनी भांडी घासणाऱ्या रंगूबाईला आत बसवून तिचा हात पुढं करायचं ठरवलं. डॉक्टरबाई कपाळावर हात मारून हसल्या. असं दुसऱ्या गावीही झालं होतं म्हणे, सुनेऐवजी मोलकरणीचं रक्त. मग रंगूबाई अलीकडंच बाळंत झाली असेल, तिला बोलवा.

रंगूबाई आली. तिच्या केसांत काळा केस औषधालाही नव्हता. बाळंत व्हायचं तिचं वय कधीच उलटलेलं. ती घाबरून राहीबाईंकडं बघत म्हणाली, "आवं आक्का, मी त्या खोलीत बसलेच न्हाई. मला भ्या वाटलं. मी मळ्यात गेले. मला वाटलं, तुमी दुसरं कुनी बसवलं."

राहीबाईंनी पुढं होऊन साखळी पुन्हा लावली.

जाताना डॉक्टरबाई माझ्यावर नाराज होत्या. कुमुद, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, लक्ष देऊन काम कर, असं म्हणाल्या. मी मान हलवली. पण बोटं सोडवून घेतली होती ती मी. ती ऊब मला अजून आठवते.

१२ जानेवारी

हरणाबाईला गाठून खरं काय ते विचारलं. ती सांगेना. मग विहिरीकडं पाठ करून बसली आणि बोलली.

लीला ही राहीबाईंच्या मुलाची, दादासोची, दुसरी बायको. पहिली बनुबाई. त्याच खोलीत तिला मुलगी झाली. या घरात सगळ्या बायका तिथंच बाळंत होतात, तिथं मोरी आहे आणि वारा येत नाही. बनुबाई चार दिवसांत बोलेनाशी झाली. मूल रडलं तरी ती भिंतीकडं बघत बसे. एकदा बाळाला घेऊन विहिरीकडं चालत निघाली, तेव्हापासून बाहेरून साखळी. त्यात सोयर. बाळंतिणीला सुईणीशिवाय कुणी शिवायचं नाही. ती फटीतून हात बाहेर काढून बसे. जी जाईल तिचा पदर धरी, बोटं धरी. लोक म्हणत, बाहेरचं झालंय, हात सोडवून घ्या. हरणाबाईनंही सोडवून घेतला होता. "तिला कुनाचं तरी हात पायजे हुतं, बाय. आमी समद्यांनी आपापलं सोडवून घेतलं." एकदा साखळी लावायची राहिली, आणि दोघी विहिरीत सापडल्या.

म्हणजे तो हात बनुबाईचा. मी मेलेल्या बाईचं रक्त नळीत भरलं आणि त्यावर स्वच्छ अक्षरात नाव घातलं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा वाईट जास्त वाटतंय. तिनं माझी बोटं धरली होती आणि मला बर्फाची घाई होती.

३ फेब्रुवारी

मागच्या खोलीकडं जात नाही. स्वयंपाकघरात बसले तरी तोंड तिकडं करत नाही. दुपारी सगळे मळ्यात गेले की ऊस सळसळतो आणि त्या दाराची साखळी वाजते. वाऱ्यानं वाजते.

डॉक्टरबाईंना बदली मागितली. त्या म्हणाल्या, एप्रिलपर्यंत कळ काढ, मग मिरजेलाच बाळंतपणाला ये. ठीक आहे. तेवढं जमेल.

१७ फेब्रुवारी

सातव्याची ओटी भरली. राहीबाईंनी हौसेनं कासार बोलावला. हाताशी नळ्या असतात म्हणून मी काचेच्या बांगड्या कधी घालत नाही, घड्याळ बरं. पण आज नाही म्हणवेना. डावा हात पुढं केला. हिरव्या बांगड्या भरता भरता एक कमी पडली. कासार म्हणाला, एक पिवळी घालतो ताई, शुभच असतं.

मी ओरडले म्हणे. सगळ्या बाया दचकल्या. मी सांगितलं, काच टोचली.

संध्याकाळभर काढायचा प्रयत्न केला, पण हात सुजलेत. कुठलीच निघत नाही. फोडायची तर ओटीच्या दिवशी बांगडी फोडायची नाही, असं राहीबाई म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

हजारो बायांच्या हातात एखादी पिवळी असेल. मी सुशिक्षित बाई आहे.

२० मार्च

डॉक्टरबाई आल्या होत्या. दाराशीच थांबल्या, आत बसायला तयार होईनात. मला उसाच्या कडेला नेऊन हळू सांगितलं. माझ्या नळ्यांत जानेवारीपासून उतार दिसतोय. जे चढायला हवं ते आत्ताच ढासळतंय. ज्यांना जपायचं त्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर आहे. घाबरायचं नाही, म्हणूनच तर हे सगळं चाललंय. मिरजेला लवकर यायचं, एकटं राहायचं नाही, आणि रोज कुणाला तरी मन कसं आहे ते सांगायचं.

कुणाला सांगू? राहीबाईंना कळलं तर बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावतील. कृष्णातला लिहिलं तर तो तिथं काय करणार, झुरत बसेल. मी सगळ्यांना छान आहे म्हणते. आणि तशी छानच आहे.

आणखी एक म्हणाल्या. नोव्हेंबर-डिसेंबरच्या त्या चुकीच्या नळ्या त्यांनी पुन्हा तपासल्या. त्या माझ्याच आहेत. गट, बाकीचं सगळं, हुबेहूब माझं. मी तुलनेची नळी त्यात मिसळली असणार. मी म्हटलं, बाई, मी अजून बाळंत झालेली नाही. त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

९ एप्रिल

लीलावहिनी कोरेगावला सुखरूप बाळंत झाल्या. मुलगा. राहीबाई पेढे घेऊन तिकडं जाऊन आल्या. वहिनींचा रक्तगट कोरेगावच्या दवाखान्यात काढला, ओ निघाला. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, नाहीतर कोण लक्ष देतंय.

सामान बांधलं आहे. वीस तारखेची गाडी. त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. मिरजेला जाणार. पांढऱ्या भिंती, नर्सा, डॉक्टरबाई. बाळा, जरा धीर धर.

१९ एप्रिल

तिनं धीर धरला नाही. काल भर दुपारी पाणी गेलं. लालासाहेब ट्रॅक्टर आणायला पळाले, पण वेळ कुठं होता. राहीबाई आणि हरणाबाईनं मला उचललं आणि मागं नेलं. मी नको नको म्हणून ओरडले. त्यांना वाटलं कळा.

मुलगी. काळेभोर केस. डाव्या कानाला एक छोटी खळी आहे, ती कृष्णातची.

दोघी बऱ्या आहोत. तेजपूरला तार केली. डॉक्टरबाईंना साखर कारखान्यातून फोन केला, पण त्या कामासाठी मुंबईत आहेत म्हणे. आल्या की येतील.

खोली सारवली आहे, बाज टाकली आहे, शेगडी पेटवली आहे. नुसती खोली आहे ही. चार भिंती आणि एक मोरी.

२२ एप्रिल

रडते. मला कळतं की ती रडते. पण शेजारच्या घरात कुणीतरी रडावं तसं. मी उठून घ्यावं हे मला माहीत आहे. माहीत असणं आणि हात उचलणं यांच्यात फार अंतर पडलंय.

याला काय म्हणतात ते मला येतं. नळीतलं सगळं येतं.

हरणाबाईच्या लेकीचे दिवस भरले, ती जतला गेली. तिच्याशिवाय मला शिवायला कुणी नाही. राहीबाई उंबऱ्याबाहेरून ताट सरकवतात. बाहेरून विचारतात, जेवलीस का, दूध येतंय का, बाळ प्यालं का. मी हो म्हणते. त्या खऱ्या मायेनं विचारतात. पण मी कशी आहे हे —

राहू दे.

२४

ऊस तोडून झाला. आता दारातून बघितलं की विहीर तेवढी दिसते.

तिच्याकडं पाहिलं आणि वाटलं, पाणी गार असेल. बाळाला इथं फार उकडतंय. एवढंच वाटलं. वाईट असं काही वाटलं नाही, त्याचीच भीती वाटली.

२५

अंगणातून राहीबाईंनी परत आणलं. मी कधी उठले मला आठवत नाही. कुशीत बाळ होतं. त्या सोयर विसरल्या, दोन्ही हातांनी धरलं मला. बनूचं नाव घेत होत्या. मग खोलीत घातलं आणि —

साखळी. बाहेरून.

मी ओरडले, बाळाला बाहेर घ्या, तिला माझ्याजवळ ठेवू नका. म्हणाल्या, अंगावरचं लेकरू, आईपासून कसं तोडू. रडत होत्या. दारापलीकडं बसून रडत होत्या.

२६

शेगडी सरकवताना मनगट भाजलं. डावं. राहीबाईंनी फटीतून हळद दिली.

लावली. पाहिलं.

चंद्रकोर.

बनूचा नव्हता हात. कधीच नव्हता —

तारीख माहीत नाही

दुपार आहे. बाहेर ऊस सळसळतोय. ऊस तर तोडला होता.

फटीतून अंगण दिसतं. रांगोळीची तयारी, आकाशकंदिलाच्या काड्या. वैशाखात?

कुणीतरी चालत येतंय. काचा वाजतात. नळ्या.

पाटावर बसली. मला पदर दिसतो. माझी निळी साडी. गुणगुणतेय. किती खुशीत आहे ती. तिनं आज भाकरी किती खाल्ल्या तेसुद्धा मला माहीत आहे.

आवाज फुटत नाही. घसा — कालपासून फुटत नाही. उजव्या हातानं लिहितेय, टाक कागदावर खरखरतो. तिला वाटतंय उंदीर. बाळ रडतंय. तिला वाटतंय मांजराचं पिल्लू. पिल्लू नाही गं, तुझी मुलगी आहे —

डावा हात बाहेर काढला.

"मूठ आवळा वहिनी."

आवळली. घे रक्त. सगळं घे. त्यात सगळं आहे, पण कळायला जानेवारी लागेल, आणि ती पुन्हा येईल तेव्हा आत आवाज नसेल. पिल्लू रडत नसेल. मी पाहिलंय. मी स्वतः लिहिलंय, आत कसलाच आवाज नव्हता —

तिची बोटं धरली आहेत. गरम आहेत. सोडणार नाही.

हसतेय. एक बोट सोडवलं. कुमुद, हसू नकोस. बर्फ जाऊ दे. एकदा विचार, कशी आहेस म्हणून. नुसतं विचार. साखळी काढ, बाळाला आधी घे, मला मग —

दुसरं बोट. तिसरं —

कुमुद, आत्ता, ती अजून रडतेय, आत्ताच तिला माझ्यापासू